नागपूरसारख्या सपाट शहरात राहून हिमालयातल्या ट्रेकची तयारी होऊ शकते का?

तुम्ही लिहिलंय, 'रोज अंबाझरीला आठ किलोमीटर धावतो, जूनमध्ये हम्प्ता पास करायचाय, एवढा फिटनेस पुरेल ना?' हम्प्ता पास म्हणजे मनालीजवळची डोंगरखिंड. तिथे पायांना पुरेल. डोक्याचं काही सांगता येत नाही, आणि तेवढ्यासाठीच लिहायला बसलो.

माझा मेव्हणाही अंबाझरीलाच धावायचा. वय एकतीस, हाफ मॅरेथॉन पळणारा, त्याला दम लागलेला मी कधी पाहिला नव्हता. चार वर्षांपूर्वी आम्ही दोघं हम्प्ताला गेलो. दिल्लीपर्यंत रेल्वे, रात्रीची बस, सकाळी मनाली, आणि दुसऱ्याच दिवशी जोबराहून चालायला सुरुवात. नागपूरची उंची सुमारे 310 मीटर, मनाली 2,050. पहिला तंबू चिकाला, साधारण 3,100 मीटरवर, दुसरा बालू का घेरा इथे, 3,600 वर. घर सोडल्यावर पाचव्या रात्री आम्ही घरापेक्षा सव्वातीन किलोमीटर उंचावर झोपायला गेलो होतो. पास त्याहून वर, 4,270 मीटरवर.

त्या दिवशी राणी नाल्याच्या काठाने तो सगळ्यांच्या पुढे होता. दुपारपासून डोकं दुखत होतं, ते त्याने लपवलं. गुपचूप गोळी घेतली. संध्याकाळी ट्रेकच्या लीडरने ऑक्सिमीटर लावला, आकडा बरा आला. रात्री खिचडीला हात लावला नाही. मी विचारलं तर म्हणाला, 'मी ठीक आहो भाऊजी, झोपा ना तुम्ही.'

रात्री दोनच्या सुमारास तो उलटीसाठी उठला. परत आला आणि तंबूच्या दाराशी बसून पुन्हा बूट घालायला लागला. मी टॉर्च मारला. डावा बूट उजव्या पायात कोंबत होता, आणि ते त्याला कळत नव्हतं. नाडीची दोन टोकं हातात धरून नुसता बघत बसला. मनालीत लीडरने सांगितलं होतं, की शंका आली तर एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावत सरळ रेषेत चालवून बघा. मी चालवलं. तिसऱ्या पावलाला तो तंबूच्या दोरीवर पडला.

तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज येत असल्याची खूण. तिथे सकाळची वाट बघत नाहीत. लीडरला उठवलं, त्याने दोन मिनिटांत ठरवलं. एक गाइड पुढे, एक मदतनीस आणि मी दोन्ही बाजूंनी त्याला धरून, डोक्याला टॉर्च बांधून उतरलो. उजाडलं तेव्हा चिका दिसत होतं. तिथे त्याने स्वतःहून चहा मागितला, दुपारी पोटभर जेवला.

आणि इथूनच आमचं भांडण सुरू झालं. गेली चार वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला तो सांगतो, 'दुपारी तर ठणठणीत होतो. भाऊजी घाबरले, नाहीतर पास झाला असता.' अरे, उतरलास म्हणून ठणठणीत झालास! पाचशे मीटर उतरल्यावर माणूस शुद्धीवर येतो, हाच उंची लागल्याचा पुरावा. माझाही पास राहिला, त्याचं मला वाईट वाटतं. पण तो निर्णय चुकला होता, असं मी कधीच मान्य करणार नाही.

धावण्याचा इथे उपयोग का होत नाही, तेही सांगतो. हवा विरळ झाली की श्वास वाढतो, कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कलीकडे झुकतं आणि शरीर श्वासाला लगाम घालतं. मूत्रपिंडांनी रक्तातला बायकार्बोनेट हा अल्कली बाहेर टाकला की तो लगाम सैल होतो, पण त्याला काही दिवस लागतात. ते दिवस धावपटूलाही तेवढेच लागतात. उलट दणकट माणूस भराभर चढतो आणि दुखणं अंगावर काढतो. 3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र जास्तीची थांबावं, हा सर्वमान्य नियम आहे. मनालीहून थेट चिकाला गेलात तर पहिल्याच दिवशी हजार मीटर होतात. म्हणून पैसे महागड्या जॅकेटवर घालवू नका, मनालीत दोन रात्री जास्त राहा.

नागपुरात जे होतं ते करा. पहाटे पाच वाजता सेमिनरी हिल्सचा चढ, नाहीतर इमारतीचा जिना, पाठीवर दहा किलो घेऊन. उतरायचंही तेवढंच, कारण पासनंतर सियागोरूच्या मुक्कामाकडचा उतार गुडघे काढतो. बूट महिनाभर वापरून घ्या. 'सपाटीवरच्या माणसांना काय जमणार' म्हणणारे पुण्याचे मित्र भेटतील, त्यांचं ऐकू नका. सह्याद्रीतलं कळसूबाई 1,646 मीटर, मनालीपेक्षाही खाली. उंचीच्या बाबतीत ते आणि आपण सारखेच कोरे.

मी डॉक्टर नाही. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही ते स्वतःच्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. आणि घाबरून जाणंच रद्द करू नका. आमच्या तुकडीतले बाकी सगळे पास ओलांडून छत्रूला पोचले.

येत्या जूनमध्ये मी पुन्हा जातोय. मेव्हणाही येतो म्हणतोय. मी त्याला दोन अटी घातल्यात: चिकाला दोन रात्री राहायचं, आणि रोज संध्याकाळी माझ्यासमोर टाचेला बोट लावून चालून दाखवायचं. पहिली त्याने मान्य केली आहे.