पाणी द्यायचे, पण तेलात

प्रश्न : गाडीच्या जुन्या पाट्यातून (लीफ स्प्रिंगमधून) ४५ सेंटिमीटर पात्याची दुधारी आखूड तलवार घडवली. पाणी देताना, म्हणजे तापलेले पाते कडक करण्यासाठी एकदम थंड करताना, ते एका अंगाला वाकले आणि मुठीकडच्या खांद्यावर चीर गेली. काय चुकले?

उत्तर : या दोन वेगवेगळ्या चुका आहेत. चीर गेली ती बहुधा कोपऱ्यामुळे. पाते संपून मुठीत जाणारे शेपूट जिथे सुरू होते, तिथे करवतीने काटकोन काढला की थंड होतानाचा सगळा ताण त्या टोकावर येतो. गोल कानशीने तिथे किमान ३ मिलिमीटरची गोलाई द्या. पाण्याच्या बादलीत बुडवले असेल, तर वेगळे कारण शोधायला नको. ‘पाणी देणे’ हा शब्द जुना आहे. पाट्याच्या पोलादाला खरे पाणी दाखवू नका. ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट केलेले खाद्यतेल लागते.

वाक येतो तो दोन्ही अंगे सारखी नसल्यामुळे. एका बाजूला जास्त ठोकले, एका बाजूला जास्त घासले, किंवा भट्टीत एकच बाजू तापली, तर दोन्ही बाजू सारख्या आक्रसत नाहीत. कॅलिपरने दर ५ सेंटिमीटरवर जाडी मोजा. धारेला दीड मिलिमीटर जाडी राहू द्या; धार आताच काढली तर ती लाटेसारखी होते. मग तीनदा ताव देऊन, म्हणजे भट्टीत तापवून, प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडा कमी, पाते हवेत काळे पडेपर्यंत निवू द्या. घणाचे ताण इथेच निघतात. ही पायरी हौशी लोक सर्रास गाळतात.

शेवटच्या तावात लोहचुंबक चिकटेनासे झाले की सुमारे ७७० अंश झाले असे समजा. तेवढ्यावर थांबू नका, ८३० च्या आसपास न्या. भट्टीचा तापलेला पट्टा आखूड असतो, म्हणून पाते सतत पुढेमागे सरकवा. टोक पातळ असल्याने आधी तापते, त्याला बाहेर काढत राहा. टोक खाली करून सरळ उभे बुडवा, आडवे हलवू नका. आठ-दहा सेकंदांनी काढल्यावर पाते अजून मऊच असते. जाड हातमोजे घालून दोन फळ्यांमध्ये दाबून सरळ करा. ते ताठरले की हात थांबवा; त्यानंतर दाबले तर मोडेल. तेल पेटले तर झाकायला लोखंडी झाकण आधीच जवळ हवे.

प्रश्न : तेलातून काढल्यावरही पात्याला कानस लागते, ते घासले जाते. म्हणजे पाणी बसले नाही का?

उत्तर : लगेच तसे समजू नका. भट्टीत वरच्या थरातला कार्बन जळतो आणि तो थर मऊ राहतो. चार-पाच फटके मारून आत जा. तिथे कानस काचेवरून सरकावी तशी घसरली तर ठीक. शंका असेल तर त्याच पाट्याचा तुकडा तसाच तापवून तेलात टाका आणि मोडून पाहा. मोडलेला भाग राखाडी मखमलीसारखा दिसावा. साखरेसारखे कण चमकले, तर ताव फार झाला.

प्रश्न : पाणी दिल्यावर ठिसूळपणा कमी करायला पाते पुन्हा हलके तापवायचे आहे, पण ते घरच्या ओव्हनमध्ये मावत नाही. उद्या कुठेतरी तापवले तर चालेल?

उत्तर : नाही. आत्ता ते काचेसारखे ठिसूळ आहे, फरशीवर पडले तरी तुकडे होतील. आधी तिरपे ठेवून पाहा, अनेकदा मावते. नाहीतर लांब जाड पत्र्याच्या ट्रेमध्ये वाळू तापवून त्यात पुरा. सुरीला २०० अंश पुरतात; वळून परत सरळ व्हायला हवे अशा आखूड तलवारीला २३० ते २६०, दोन तास, दोनदा. ओव्हनच्या बटणावरचा आकडा खरा धरू नका, आत थर्मामीटर ठेवा. शेवटी पाते ओल्या फडक्यात गुंडाळून फक्त शेपूट निळे होईपर्यंत टॉर्चने तापवा. तलवारी बहुतेक तिथेच मोडतात.