धातूची भुकटी इतक्या थंडीत का दळतात?

प्रश्न : धातूची भुकटी बॉल मिलमध्ये, म्हणजे कठीण गोळे भरलेल्या दळणयंत्रात, साध्या तापमानालाही दळता येते. मग नॅनोस्फटिकी भुकटीसाठी मिलमध्ये द्रवरूप नायट्रोजन ओतण्याचा खटाटोप कशाला? आणि अशा भुकटीचा प्रत्येक कण नॅनोमीटर आकाराचा असतो का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात केलेली बरी, कारण घोटाळा बहुधा तिथेच होतो. या भुकटीचा एकेक कण सहसा काही मायक्रोमीटरांपासून काही दशक मायक्रोमीटरांपर्यंत असतो. नॅनोमीटरमध्ये मोजायचे ते त्याच्या पोटातले स्फटिक, आणि ते साधारण २० ते १०० नॅनोमीटरचे असतात.

मिलमधल्या गोळ्यांच्या माऱ्याखाली धातूचा कण चेपला जातो, तुटतो आणि दुसऱ्या कणाला पुन्हा चिकटतो. प्रत्येक आघातासरशी अणूंच्या मांडणीत विस्थापने नावाचे दोष साचत जातात, ते दाटले की त्यांच्या भिंती उभ्या राहतात, आणि एका मोठ्या स्फटिकाचे परस्परांशी तिरके बसलेले असंख्य छोटे स्फटिक होतात. अडचण एवढीच की, ऊब मिळताच धातू हे दोष आपले आपण मिटवू लागतो. अ‍ॅल्युमिनियम ९३३ केल्विनला वितळते. खोलीचे तापमान, म्हणजे सुमारे ३०० केल्विन, त्याच्या जवळजवळ एक तृतीयांश भरते, शिवाय आघातांची उष्णता वेगळीच. द्रवरूप नायट्रोजन मात्र ७७ केल्विनला, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो, आणि तिथे हे प्रमाण एक दशांशाच्याही खाली जाते. म्हणून थंडीचे मुख्य काम तोडण्याचे नाही, तर झालेली मोडतोड भरून येऊ न देण्याचे आहे. मऊ धातू गोळ्यांना लिंपून बसणेही त्यामुळे कमी होते, तरी त्यासाठी थोडे स्टिअरिक आम्ल (मेणासारखे एक मेदाम्ल) घालण्याची पद्धत आहे.

नायट्रोजन नुसता गारवा देऊन थांबत नाही, ही यातली खरी गंमत. अ‍ॅल्युमिनियममध्ये त्याचे अतिसूक्ष्म नायट्राइड कण (धातू आणि नायट्रोजनच्या संयुगाचे) तयार होतात आणि ते स्फटिकांच्या सीमा अडवून धरतात. पुढे भुकटी गरम दाबून घन तुकडा करताना स्फटिक फुगत नाहीत, याचे बरेच श्रेय त्यांना जाते. टायटॅनियमच्या बाबतीत हाच गुण अंगाशी येतो, कारण नायट्रोजन शोषून तो धातू ठिसूळ होतो. तिथे द्रवरूप आर्गॉन वापरणे शहाणपणाचे. स्टिअरिक आम्ल घातले असेल, तर भुकटी दाबण्यापूर्वी ती निर्वातात तापवून आतले वायू काढून टाकावे लागतात, नाहीतर घन तुकड्यात छिद्रे राहतात.