"मॅडम, आमचा पोरगा मागे तर नाही ना पडणार?"

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एक आई भेटायला आल्या. मुलगा नऊ वर्षांचा, दोन वर्षांपासून घरीच शिकतो. त्यांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

"सगळ्यांची पोरं समर कॅम्पला चालली. हा दिवसभर घरी. मागे तर नाही ना पडणार?" असं म्हणत त्यांनी पर्समधून वेळापत्रक काढलं. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, तासातासाचे चौकोन. नागपूरचा मे, पारा 45 च्या आसपास, आणि दुपारी दोनला व्याकरण!

"हे कोणासाठी केलंत?" मी विचारलं.

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सासऱ्यांसाठी." सासरे निवृत्त शिक्षक. दर रविवारी नातवाला पाढे विचारतात. तो अडखळला की सुनेकडे बघतात, बोलत काहीच नाहीत. त्या बघण्याचा धसका त्यांनी घेतला होता. घरी शिकवणाऱ्या बहुतेक आयांची काळजी मला अशीच दिसते. मुलाला काय येतं हे त्यांना ठाऊक असतं, पण दाखवायला प्रगतिपुस्तक नसतं.

तरी नुसता धीर देऊन मी कोणाला परत पाठवत नाही. मुलाशी वेगळं बोलले. मासिकातला एक उतारा त्याने सावकाश वाचला आणि गोष्ट स्वतःच्या शब्दांत नीट सांगितली. या वयात साधा मजकूर वाचताना मूल सतत अडत असेल, तर त्याची तपासणी करून घ्यावी. इथे तशी गरज नव्हती. निघताना त्याने विचारलं, "तुमच्या कूलरच्या गवताला वास काऊन नाही येत? आमच्या इथे वाळा आहे."

मी आईंना म्हटलं, वेळापत्रक बाजूला ठेवा. एक वही करा. तुम्ही काय शिकवलं ते तिच्यात लिहू नका, त्याने काय विचारलं ते लिहा. पहाटे साडेपाचला बाहेर पडा, आठच्या आत घरी या. दुपारी कूलरसमोर आडवं होऊन तुम्ही मोठ्याने वाचा, त्याने ऐकायचं. पुस्तक मिटल्यावर प्रश्न विचारायचे नाहीत.

दहा दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज रडवेला होता. पोरगा सकाळी उठायलाच तयार नाही. खोदून विचारलं तेव्हा कळलं. सेमिनरी हिल्सवर त्याने तांबट पाहिला होता. हिरवा, कपाळावर लाल टिळा, उंबरावर बसून भांडं ठोकल्यासारखा पुक्-पुक् करणारा. आईंनी घरी येताच त्याच्याकडून पक्ष्याची दहा वाक्यं लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी तेच, बहाव्यावर. चूक माझीही होती. वहीत मुलाने काही लिहायचं नाही, हे मी स्पष्ट सांगितलं नव्हतं. वही आईची आहे.

मग चार दिवस त्यांनी काहीच केलं नाही. पाचव्या दिवशी गच्चीवर शेजारच्या काकूंच्या कुरोड्या सुरू झाल्या आणि पोरगा आपणहून तिथे गेला. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचा, गाळायचा. चीक रात्रभर ठेवला की खाली पांढरा थर बसतो आणि वरचं पाणी ओतून देता येतं. त्या दिवसांच्या पानावर आईंच्या अक्षरात आहे: "पाणी आंबट काऊन झालं?" "पांढरं खाली काऊन बसते?" "चोथा गाईला दिला, त्याचं वजन किती होतं?" शेवटचा प्रश्न त्याने सोडलाच नाही. वाळलेल्या कुरोड्या वाण्याच्या काट्यावर नेऊन मोजल्या. तीन किलो गव्हाच्या दीड किलोही भरल्या नाहीत.

मित्रांची काळजी निराळी, आणि ती मला जास्त खरी वाटते. कॅम्पमध्ये पंधरा दिवस भेटलेली मुलं सोळाव्या दिवशी दिसत नाहीत. मुलाला तेच तेच चेहरे पुन्हा पुन्हा भेटावे लागतात. यांच्या चौकातल्या पाणपोईवर संध्याकाळी रांजण भरायला मोठी मुलं यायची. हा तिथे जाऊ लागला. एका दादाशी भांडला, रडत घरी आला, दुसऱ्या दिवशी परत गेला. ते भांडण मिटवायला जाऊ नका, एवढंच मी आईंना सांगितलं.

कायद्याबद्दलही त्यांनी विचारलं होतं. उद्या शाळेत घालावंसं वाटलं तर वाट बंद नाही: 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा वर्षांवरच्या, शाळेत नसलेल्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश देण्याची तरतूद आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येतं. मात्र घरी शिकवणं प्रत्येक घराला झेपतंच असं नाही. आई थकून रोज चिडत असेल तर शाळा बरी, हेही मी त्यांना सांगितलं.

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याच सुमारास त्या पुन्हा आल्या, वही घेऊन. कुरोड्यांच्या पानावर खाली दुसऱ्याच कोणाचं वळणदार, जुन्या पद्धतीचं अक्षर होतं. तीन किलोतून वजाबाकी मांडली होती, उत्तराखाली दोन रेघा, आणि पुढे लिहिलं होतं: "सगळा चोथाच कसा? गाळताना पाण्यातून काही गेलं असेल ना? पुढच्या वेळी चोथा वाळवून मोजू."

"मामंजींनी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "रविवारी दोघं गच्चीवर बसले होते. पाढे विचारायचे राहूनच गेले."