बार्न्सलीचा पोरगा आणि 'ओल्ड चॅप'

चि. लेखिकेस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी फॅन फिक्शन वाचली. कथानक पक्कं आहे, पण संवाद कुठल्याच गावचे वाटत नाहीत. 1985 सालच्या बार्न्सलीतला (उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशरमधलं खाणकामगारांचं गाव) सोळा वर्षांचा पोरगा, बाप कोळशाच्या खाणीत, आणि याच्या तोंडी 'आय से, ओल्ड चॅप'! पान उलटावं तर हाच पोरगा 'आय हॅव गॉटन' म्हणतो. एक पाय लंडनच्या जुन्या क्लबात आणि दुसरा अमेरिकेत. नुसतं 'ब्रिटिश' असं कुणीच बोलत नाही गं. माणूस कुठल्या गावचा, कुठल्या घरचा, साल कोणतं आणि समोर कोण उभं आहे, एवढं प्रत्येक पात्रापुढे एका ओळीत लिहून काढ. मगच संवादाला हात घाल.

साल आधी बघू. तुझा पोरगा जीसीएसईची, म्हणजे तिकडच्या सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेची, तयारी करतोय, पण त्या परीक्षा पहिल्यांदा झाल्या 1988 मध्ये. याला त्याआधीच्या परीक्षा, ओ-लेव्हल नाहीतर सीएसई, द्याव्या लागतील. त्याचा वर्गही 'इयर इलेव्हन' नसून 'फिफ्थ इयर'. अभ्यासाला तो 'रिव्हाइज' म्हणेल. मास्तरांना 'सर', बाईंना 'मिस', मग त्यांचं लग्न झालेलं असो वा नसो. आणि 'स्कॅब' हा शब्द तू दोन मित्रांच्या थट्टेत टाकलायस, तो काढ. खाणकामगारांचा वर्षभराचा संप मार्च 1985 मध्ये संपला. संप फोडून कामावर गेलेल्याला 'स्कॅब' म्हणत, आणि त्यापायी घरंच्या घरं दुभंगली. त्या गावात, त्या वर्षी, हा शब्द खऱ्या भांडणात एकदाच यावा.

आता गाव. तिथे दुपारचं जेवण म्हणजे 'डिनर' आणि संध्याकाळचं म्हणजे 'टी', त्यामुळे आईने 'टी'ला हाक मारली की पोरगा जेवायलाच येतो. आईला तो 'मॅम' म्हणेल (मॅडमचा इथे काही संबंध नाही). 'आय हॅव्हन्ट सीन हिम'पेक्षा 'आयव्ह नॉट सीन हिम' तिकडचं वाटतं. 'समथिंग'चं 'समट' होतं, 'आय वॉज'चं 'आय वर'. 'नाइन व्हाइल फाइव्ह' म्हणजे नऊ ते पाच. 'हाफ सेव्हन' म्हणजे आपले साडेसातच. बसवाला पुरुष प्रवाशालाही सहज 'लव्ह' म्हणतो, त्यात प्रेमप्रकरण शोधू नकोस.

'दा' हे सर्वनाम जपून वापर. 'दा नोज' म्हणजे 'तुला माहितेय'. हा शब्द सलगीचा, बरोबरीच्या माणसांतला. तुझ्या पोराने मुख्याध्यापकांना 'दा' म्हटलंय, म्हणजे थेट अरे-तुरे केलंय. मुद्दाम उर्मटपणा दाखवायचा असेल तर ठेव, नाहीतर खोड.

उच्चार दाखवायला प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग मोडू नकोस. एका वाक्यात एखादी खूण पुरे. वाचक तेवढ्यावरून बाकीचा आवाज स्वतः लावून घेतो. जास्त झालं की तो अक्षरं लावत बसतो आणि पात्र विनोदी होऊन जातं.

तुझा एक तुकडा घेऊ. पोरगा म्हणतो, 'मॉम, आय ऑलरेडी एट. आय ॲम सो मॅड ॲट डॅड राइट नाऊ.' आई म्हणते, 'डोन्ट टेक टेन्शन.' हे असं करून बघ:

'युअर टीज इन दि अव्हन.'
'आयव्ह हॅड समट.'
'यू हॅव नॉट.'
'वेअर्स मी डॅड?'
'आउट.'

'ऑलरेडी एट' ही अमेरिकी घडण. इंग्लंडमध्ये तिथे 'आयव्ह हॅड' किंवा 'आयव्ह ईटन' येतं. 'मॅड' म्हणजे तिकडे बहुधा वेडा. 'मी डॅड' म्हणजे 'माय डॅड'. आणि राग कुणी बोलून दाखवलेला नाही, तरी तो 'आउट'मध्ये आहे. हे न बोलणं साधलं तर शब्दांच्या चार चुका खपून जातात. 'नॉट बॅड' ही बऱ्यापैकी मोठी दाद असते. 'क्वाइट'चं तर दोन्हीकडून चालतं: 'क्वाइट गुड' म्हणजे ठीकठाक, पण 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे अगदीच अशक्य. तुझी नायिका आपल्या कवितेला कुणी 'क्वाइट गुड' म्हटलेलं ऐकून आनंदाने रडते, तिथे वाचक गोंधळणार.

तपासताना संवाद तेवढे वेगळ्या फाइलमध्ये काढ आणि दोनदा चाळ. एकदा अमेरिकी शब्दांसाठी: गॉटन, मॉम, साइडवॉक, अपार्टमेंट, 'ऑन द वीकेंड' (इंग्लंडमध्ये 'ॲट द वीकेंड'). दुसऱ्यांदा आपल्या इंग्रजीसाठी, कारण ते आपल्या कानाला खटकतच नाही: 'पास्ड आउट फ्रॉम कॉलेज' वाचून तिकडच्या माणसाला कुणीतरी बेशुद्ध पडल्यासारखं वाटतं, 'कझिन ब्रदर', 'गुड नेम' हेही तसलेच. 'पँट्स' म्हणजे बहुतेक ठिकाणी चड्डी, तेव्हा पोलिसाला 'ट्राउझर्स' घाल. आपण शाळेत शिकलेले 'लिफ्ट', 'पेट्रोल', 'फोर्टनाइट' हे शब्द मात्र बिनधास्त वापर.

कान तयार करायला बीबीसी रेडिओ शेफील्डवर (शेफील्ड बार्न्सलीच्या शेजारचंच) फोन करणारी माणसं ऐक. लीड्स विद्यापीठाने 1950च्या दशकात बोलींचं मोठं सर्वेक्षण केलं होतं, ते उत्तमच आहे. पण त्यातली माणसं बहुतांशी खेड्यातली, वयस्कर. त्यातून आजोबांचे संवाद उचल, पोराचे नको.

शेवटी तिकडच्या कुणाला तरी वाचायला दे. 'बरोबर आहे का?' असं विचारलंस तर सभ्यपणे 'लव्हली' म्हणून मोकळे होतील. 'हा पोरगा हे वाक्य आईला म्हणेल का? नसेल तर काय म्हणेल?' असं विचार, आणि येईल ते उत्तर व्याकरण न सुधारता उतरवून घे. आईचं माहेर न्यूकॅसल ठेवायचं असेल तर आत्ताच ठरव. मग तिच्या तोंडी 'लव्ह'ऐवजी 'पेट' येईल.

तुझी,
मावशी