२०२५ च्या बेसबॉल हंगामात न्यूयॉर्क मेट्स संघाकडून किती अपेक्षा ठेवावी?

मेट्सनी हुआन सोटोला घेतलं, १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर देऊन! रक्कम डोळे फिरवणारी आहे, पण २६ वर्षांचा, चेंडू इतका पारखून खेळणारा फलंदाज बाजारात रोज येत नाही. मला हा सौदा मनापासून पटला. करार संपलेला आपला फलंदाज पीट अलोन्सो पुन्हा मेट्समध्येच परतला याचा आनंद त्याहून मोठा, कारण तो आपल्याच संघात घडलाय.

धाकधूक आहे ती पिचिंगची, म्हणजे बेसबॉलमधल्या गोलंदाजीची. क्ले होम्स गेली काही वर्षं शेवटच्या डावांत यायचा, आता त्याला सुरुवातीपासून पाच-सहा डाव टाकायचेत. हात टिकेल का? त्यात शॉन मनाया आणि फ्रँकी मोंटास हे पिचर सराव शिबिरातच जखमी झाले.

गेल्या वर्षी ८९ सामने जिंकून आपण बाद फेरीत लॉस एंजेलिस डॉजर्स संघापुढे अडलो. यंदा नव्वदी गाठू, पण एप्रिल-मे पिचर्सनी तारून नेला तरच.