तोलोका म्हणजे श्रमदान का?

प्रश्न असा होता की युक्रेनच्या खेड्यांतल्या अर्थव्यवस्थेवरचा लेख मराठीत करताना 'तोलोका' शब्द आला, तर तिथे श्रमदान लिहिलं तर चालेल का. मला विचाराल तर नको, कारण आपल्याकडे याला चपखल शब्द आहे, इर्जिक.

तोलोका म्हणजे काय तर एखाद्याला घर बांधायचंय किंवा पीक काढायचंय आणि एकट्याच्या घरच्यांनी ते होणार नाही, मग तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावतो, सगळे मिळून माती आणि पेंढा तुडवतात, भिंती लिंपतात आणि संध्याकाळी घरधनी सगळ्यांना जेवू घालतो, होरिल्का म्हणजे तिथली वोडका पाजतो. मजुरी कोणी घेत नाही, पण उद्या दुसऱ्याकडे काम निघालं की यानेही जायचंच. आपल्या इर्जिकीतही तेच ना, शेजारी औतं-बैल घेऊन येणार, पैसे नाही, जेवण मात्र मालकाचं.

दानात परतफेड धरलेली नसते, इथे ती धरलेली असते, फक्त कोणी वहीत लिहीत नाही. शिवाय श्रमदान म्हटलं की रस्ता, तलाव असं सार्वजनिक काम डोळ्यापुढे येतं, तोलोकात घर त्या माणसाचंच राहतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण मालकी ज्याची त्याची आणि हात सगळ्यांचे हा विचार तिथल्या अर्थशास्त्रातही दिसतो. मिखाइलो तुहान-बारानोव्स्की हा खार्किव भागात जन्मलेला अर्थतज्ज्ञ, त्याने 1916 साली सहकारावर मोठं पुस्तक लिहिलं, त्यात सहकारी संस्थेचं उद्दिष्ट भांडवलावर जास्तीत जास्त नफा हे नाही तर सभासदाची मिळकत वाढवणं किंवा खर्च कमी करणं असं मांडलंय, आणि शेतकऱ्याने आपली शेती आपल्याकडे ठेवूनच खरेदी, विक्री, कर्ज यासाठी एकत्र यावं असा त्याचा कल होता. पश्चिम युक्रेनमधल्या गॅलिशिया प्रांतात हे प्रत्यक्षात उतरलेलं दिसतं, तिथल्या मास्लोसोयुझ या दूध-लोण्याच्या सहकारी संघाने दोन महायुद्धांच्या मधल्या काळात चांगलाच जम बसवला होता, 1939 नंतर सोव्हिएत सत्तेने तो मोडला.

सोव्हिएत काळातला 'सुब्बोत्निक' मात्र वेगळा, 1919 मध्ये सुरू झालेली ती शनिवारची बिनपगारी कामं नावाला स्वेच्छेची, पुढे वरून हुकूम यायला लागले. आणि कोल्होस्प म्हणजे सामूहिक शेत, तिथे तर जमीन आणि जनावरं दोन्ही गेली, त्याला तोलोकाचं मोठं रूप समजणं म्हणजे त्या लोकांवर अन्याय आहे. तोलोकात बोलावणं असतं, फर्मान नसतं. 2022 मध्ये चेर्निहिव भागातून रशियन फौजा मागे गेल्यावर शहरातली तरुण मुलं यागिद्ने गावात उद्ध्वस्त सांस्कृतिक भवनाचा राडारोडा उपसायला गेली, सोबत डीजे लावून, त्यालाही लोक तोलोकाच म्हणाले. इथे इमारत सार्वजनिक आहे, म्हणजे शब्द आता थोडा सैल झालाय, या एवढ्या वाक्यापुरतं श्रमदान लिहिलंत तर माझी हरकत नाही.

लेखात 'सुप्र्याहा' हा शब्दही आला तर तो वेगळा ठेवा. तिथली जड काळी जमीन नांगरायला बैलांच्या दोन-तीन जोड्या लागायच्या, तेवढी जनावरं एका घरी नसायची, मग दोन-चार घरं आपापले बैल एका नांगराला जुंपून आळीपाळीने प्रत्येकाचं शेत करायची. त्याला सावड म्हणा, कोल्हापूर-सांगलीकडचे वाचक असतील तर पैरा.

उच्चार तोलोका असाच ठेवा, युक्रेनियनमध्ये आघात नसलेल्या 'ओ'चा रशियनसारखा 'अ' होत नाही. पहिल्यांदा मूळ शब्द देऊन पुढे बिनधास्त इर्जिक लिहा, आणि शहरी वाचकांसाठी तिथेच एक ओळ खुलासा टाका.