चेहरा तेलकट, तरी गाल खेचतात?

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांची, डोंबिवलीहून रोज लोकलने दादरला ऑफिसला जाते. चेहरा एवढा तेलकट की दुपारी फोन कानाला लावला की स्क्रीनवर गालाचा ठसाच उमटतो. म्हणून दिवसातून चार-पाच वेळा फेसवॉश लावते, मॉइश्चरायझर चिपचिप होतं म्हणून सोडूनच दिलंय. पण हल्ली तोंड धुतलं की गाल खेचल्यासारखे होतात आणि नाकाशेजारी पापुद्रे निघतात. तेलकट चेहऱ्याला पापुद्रे कसे काय?

उत्तर : अगं, आधी ते चार-पाच वेळा धुणं थांबव, सकाळी एकदा आणि घरी आल्यावर एकदा, बास. मधे ऑफिसात तेल आलंच तर टिश्यू नुसता टेकवायचा, घासायचा नाही.

तेल वेगळं आणि पाणी वेगळं. तेल त्वचेखालच्या ग्रंथींतून येतं, त्यांच्यावर हुकूम चालतो हार्मोन्सचा, त्यामुळे तू कितीही धुतलंस तरी थोड्या वेळाने चेहरा परत चमकणारच. पण त्या धुण्यात त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातलं सिरॅमाइडसारख्या, म्हणजे त्वचेच्या स्वतःच्या स्निग्ध पदार्थांचं अस्तर मात्र निघून जातं, मग आतलं पाणी उडायला लागतं, त्यात दिवसभर एसी, म्हणजे वरून तेलकट आणि आतून तहानलेली त्वचा. तुझे गाल खेचतात ते त्यामुळेच. मॉइश्चरायझर तेल वाढवायला नसतो गं, ते पाणी धरून ठेवायला असतो.

आता घ्यायचा कुठला? जेल किंवा पातळ लोशन, डबीतलं घट्ट क्रीम नको. पॅकवर पुढे काय छापलंय ते सोड, मागची बारीक अक्षरं वाच, तिथे घटक जास्त प्रमाणातला आधी या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलं पाणी आणि लगेच वरच्या चार-पाच नावांत पाणी धरून ठेवणारं ग्लिसरीन दिसलं की निम्मं काम झालं. तेच काम करणारं हायलुरॉनिक अ‍ॅसिड असलं तर छान, नसलं तरी अडत नाही, साधं ग्लिसरीन स्वस्त आहे आणि काम चोख करतं. नायसिनामाइड, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार, तेलकट त्वचेला मानवतं पण २ ते ५ टक्के पुरे, १० टक्केवालं लावून कित्येकींचा चेहरा लाल होतो. डायमेथिकोन हे सिलिकॉन बघून घाबरू नकोस, त्याने छिद्रं बुजत नाहीत, उलट लावल्यावर हाताला जो मऊसूत कोरडेपणा लागतो तो त्याचाच. 'नॉन-कॉमेडोजेनिक', म्हणजे छिद्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं असलं तर बरंच, पण त्यासाठी सगळ्या कंपन्यांना बांधील अशी एकच ठरलेली चाचणी नाहीये, तेव्हा नवीन ट्यूब आधी आठवडाभर जबड्याच्या कडेला लावून बघ, पुळ्या उठल्या नाहीत तरच पूर्ण चेहऱ्यावर.

आणि चिपचिप होतं ते बहुतेक वेळा जास्त घेतल्याने होतं. तोंड धुऊन टॉवेल नुसता टेकव, चेहरा ओलसर असतानाच हरभऱ्याच्या दाण्याएवढं जेल घे, आधी दोन्ही गाल आणि हनुवटी, मग बोटांना जेवढं उरलंय तेवढंच कपाळाला आणि नाकाला. दोन-चार मिनिटांनी सनस्क्रीन, एसपीएफ ३० तरी हवंच. मे महिन्यात घामाने जीव जातो तेव्हा सकाळी नुसतं जेलवालं सनस्क्रीन लावलंस आणि मॉइश्चरायझर रात्रीवर ठेवलास तरी चालेल.

एक मात्र बघ, नाकाशेजारचे पापुद्रे पिवळसर, तेलकट असतील, खाली लाली आणि खाज असेल, डोक्यात कोंडाही असेल तर तो कोरडेपणा नव्हे, सेबोरिक डर्मटायटिस असू शकतो, त्याला औषध लागतं. त्वचेच्या डॉक्टरांना दाखव, मेडिकलवाल्याला विचारून ट्यूब आणू नकोस, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, ते चार दिवस बरं वाटवतं आणि नंतर चेहऱ्याची वाट लावतं.

प्रश्न : मी १९ वर्षांचा, पुण्यात हॉस्टेलला. पिंपल्ससाठी डॉक्टरांनी रात्री लावायला अ‍ॅडापलीन जेल दिलंय, पंधरा दिवसांत तोंडाची सालं निघायला लागली. मित्र म्हणतात मॉइश्चरायझर लावलास तर पिंपल्स वाढतील.

उत्तर : अरे, मित्रांचं यात ऐकू नकोस. अ‍ॅडापलीनने सुरुवातीचे काही आठवडे त्वचा सोलवटतेच, बरीच मुलं तिथेच औषध सोडतात आणि मग म्हणतात काही उपयोग झाला नाही. हलकं, बिनवासाचं लोशन आधी लाव, ते मुरलं की पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं अ‍ॅडापलीन, नुसतं पुळीवर ठिपके देत बसू नकोस. नाकाच्या आणि ओठांच्या कोपऱ्यांना लावू नकोस, तिथे आधी जळतं. फारच आग होत असेल तर एक दिवसाआड लावू का असं डॉक्टरांना फोन करून विचार, मनानेच बंद करू नकोस.

प्रश्न : वय ४८, नाशिक. कपाळ तेलकट, गाल कोरडे. खोबरेल तेल किंवा कुंडीतली कोरफड लावली तर नाही का चालणार?

उत्तर : खोबरेल हातापायांना खुशाल लावा, थंडीत तर उत्तमच, पण चेहऱ्याला नको, त्याने छिद्रं बुजतात. रात्री केसांना चोपडून झोपत असाल तर तेच तेल उशीवरून कपाळावर येतं आणि बारीक पुळ्या उठतात, तेव्हा तेल सकाळी न्हायच्या आधी तासभर लावा. कोरफडीचं पान कापल्यावर जो पिवळा चीक गळतो त्याने आग होते, आणि नुसता गर कोरड्या गालांना पुरतही नाही. गालांना सिरॅमाइडवालं लोशन, कपाळाला जेल, असे दोन वेगळे ठेवलेत तरी हरकत नाही.